फोमचं बख्तर: बारा दिवसांत नव्याने कापलेल्या सहा पोशाखांचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि तिच्यानंतर चित्ररथांची मिरवणूक निघते. संध्याकाळी सुरू झालेली ही मिरवणूक नरगुंदकर भावे चौक, मारुती गल्ली, रामदेव गल्ली असं करत रात्रभर चालते. गल्लीगल्लीतली मंडळं ट्रॅक्टर-ट्रॉलीवर सजीव देखावे उभे करतात. पात्रं गल्लीतलीच पोरं असतात आणि पोशाखही बहुतेक वेळा तीच करतात.

या प्रकरणातल्या मंडळाने १६६० सालच्या पावनखिंडीचा प्रसंग निवडला होता. बाजीप्रभू आणि मावळ्यांचे अंगरखे, मुंडासी, तलवारी, ढाली आधीच तयार होत्या. अडलं होतं ते समोरच्या सहा आदिलशाही सैनिकांसाठी. त्यांना लोखंडी बख्तरं दाखवायची होती, म्हणजे घाव घालणारा बाजी आणि बख्तरातला शत्रू हा फरक लांबूनही कळला असता. पत्र्याचं बख्तर रात्रभर अंगावर झेपत नाही आणि त्याच्या कडा हात कापतात. म्हणून ईव्हीए फोम ठरला. चपलांच्या तळव्याला लागणारी ही शीट चपलेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, त्यामुळे बेळगाव-निपाणी-अथणी पट्ट्यात तिची वानवा नाही.

मिरवणुकीला सोळा दिवस असताना काम सुरू झालं. इंटरनेटवरून छातीच्या कवचाचा कागदी साचा उतरवून घेतला होता. हा त्रिमितीय आकार उलगडून सपाट पानांवर मांडलेला होता. पानं छापायची, जोडायची, फोमवर आखायची आणि कापायची. एका कवचाचे सहा तुकडे होते: पाठीचा एक, छातीचे दोन, बगलेखालचे दोन आणि गळपट्टी. चार दिवसांत सहाही कवचं १० मिमी फोममध्ये कापून, चिकटवून झाली. मापाला एकदाही कुणाच्या अंगावर कागद लावून पाहिला नव्हता. आमच्या मते सगळी गडबड तिथेच झाली.

अडचण

पहिली तालीम झाली आणि सहापैकी चार जणांच्या अंगात कवच शिरेना. ज्या दोघांना बसलं, त्यांचे हात खांद्याच्या वर जाईनात. "घातलंय खरं, पण तलवार उचलायला होईना बघा," असं त्यातला एक जण म्हणाला. देखाव्यातला मुख्य क्षण घाव अडवण्याचा, म्हणजे हात वर गेल्याशिवाय देखावाच उभा राहत नव्हता. शिवाय दुपारच्या उन्हात ठेवलेल्या दोन कवचांचे सांधे उकलले.

कवच तंग का झालं, याची दोन कारणं निघाली आणि दोन्ही एकमेकांवर चढलेली होती.

पहिलं छपाईचं. अशा साच्याच्या कोपऱ्यात बहुधा ५ सेंमीचा एक चौकोन असतो. छापल्यावर तो पट्टीने मोजायचा असतो. इथे तो ४.७ सेंमी भरला. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला होता, त्यामुळे सगळा साचा ९४ टक्क्यांवर आला. १०४ सेंमीचा घेर ९८ च्या आसपास उतरला.

दुसरं जाडीचं. मूळ आकार कवचाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा होता. कागदाला जाडी नसते, फोमला असते, आणि वाकवल्यावर तिच्यातली अर्धी आतल्या बाजूला घुसते. घेरात हा फरक जाडीच्या तीन पटींहून थोडा जास्त पडतो. १० मिमी फोमला सुमारे ३.१ सेंमी. म्हणजे अंगाला मिळालेला घेर ९४.६ सेंमी राहिला. पात्रांच्या छात्या ८८ पासून १०१ सेंमीपर्यंत होत्या आणि आत अंगरखा धरून आणखी आठेक सेंमी लागत होते.

सांधे उकलण्याचं कारण वेगळं होतं. चपलेच्या कामाचं पिवळं सोल्युशन दोन्ही कडांना लावून लगेच दाबलं गेलं होतं. हे सोल्युशन ओलं असताना चिकटत नाही. त्यातला द्राव उडून गेल्यावर दोन कोरडे थर एकमेकांना धरतात. ओलं दाबलं की द्राव आत कोंडतो, सांधा वरून धरल्यासारखा वाटतो आणि उन्हात मऊ पडून सुटतो.

समोर असलेले मार्ग

बारा दिवस उरले होते. मंडळाच्या बैठकीत चार मार्ग निघाले.

जुनी कवचं बगलेत उभी कापून दोन्हीकडे पट्ट्या घालायच्या, हा सगळ्यात झटपट मार्ग होता. अंगात शिरली असती, पण हात वर जाण्याचा प्रश्न तसाच राहिला असता, कारण खांद्यावरचा कट चुकीचा होता. शिवाय सहा कवचांना बारा ठिगळं दिव्याखाली दिसलीच असती.

बरोबर मापात पुन्हा छापायचं, हा दुसरा. खर्च पुन्हा तेवढाच आणि खांद्याचा दोष जशाचा तसा. कोल्हापूरहून नाटकाचे कपडे भाड्याने आणायचे, हा तिसरा. ऐन हंगामात सहा एकसारखी बख्तरं मिळण्याची आशा कमी होती आणि मिळाली तरी माप आपल्या हातात नव्हतं.

चौथा मार्ग चपलांचं काम करणाऱ्या एका कारागिराने पट्ट्यांचं माप बघता बघता सुचवला. "पोरांनो, एकसंध कशाला करताय? चार फळ्या करा, मध्ये पट्टे घाला." त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते चारआईन्याचंच वर्णन करत होते. छातीला एक, पाठीला एक आणि बगलांखाली दोन अशा चार लोखंडी फळ्या, कड्यांच्या चिलखतावर पट्ट्यांनी बांधलेल्या. इराणपासून दख्खनपर्यंत वापरात असलेलं हे बख्तर आदिलशाही सैनिकाला शोभणारं होतं. उतरवलेला साचा मात्र युरोपीय सरदाराच्या कवचाचा निघाला. पावनखिंडीत तो उभा करणं चूकच झालं असतं, आणि माप जमलं असतं तर ही चूक कुणाच्या लक्षातही आली नसती.

चारआईना फोमला मानवतोही जास्त. त्याची प्रत्येक फळी एकाच दिशेला वाकते, दंडगोलासारखी. फोम एका दिशेला सहज वळतो. दोन दिशांना, म्हणजे वाटीसारखा वळवायचा तर त्याला पाचर कापून जोड द्यावा लागतो आणि नवशिक्यांचं काम तिथेच फसतं.

मंडळाने चौथा मार्ग घेतला. निर्णय घेताना एक गणित कामी आलं. जुन्या कवचाची पाठ ३६ सेंमी रुंद होती, तिच्यातून २४ × २८ सेंमीची एक फळी निघत होती. छातीचे दोन तुकडे १९ सेंमी रुंद होते, त्यांतून १८ × २२ च्या दोन बाजू निघत होत्या. नवा फोम लागणार होता फक्त पुढच्या सहा फळ्यांना, म्हणजे ३ × ६ फुटांच्या एका शीटचा अर्ध्याहून कमी भाग. गोंद लागून खराब झालेल्या कडा आपोआप कापल्या जाणार होत्या.

केलेलं काम: आधी कागद, मग फोम

या वेळी पहिले दोन दिवस फोमला हात लावला नाही. हाच या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय आहे असं आम्हांला वाटतं, आणि त्याला बैठकीत सगळ्यात जास्त विरोध झाला होता.

मधल्या मापाच्या पात्राला पूर्ण पोशाख घालून, देखाव्यात उभं राहायचं तसंच उभं केलं: उजवा हात डोक्यावर, डावा छातीसमोर. कपड्यांवरून स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळला, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर दिले. पेनाने बगलेची रेघ, कमरेची रेघ आणि छातीची मधली रेघ काढली आणि बाजूने कात्री लावून तो साल सोलल्यासारखा उतरवला. हात खाली असतानाची बगल आणि वर असतानाची बगल यांत बराच फरक पडतो, तो या सालीवर लगेच दिसला. बाजूच्या फळीची वरची कड बगलेपासून ५ सेंमी खाली ठेवायची आणि तिला चंद्रकोरीसारखा खोलगट कट द्यायचा, हे तिथेच ठरलं.

मग जाड कार्डशीटच्या चार फळ्या कापून सुतळीने पात्राच्या अंगावर बांधल्या आणि त्याला पूर्ण प्रसंग करायला लावला. पुढची फळी वाकताना हनुवटीला टोचत होती, म्हणून गळ्याशी २ सेंमी उतरवली. कार्डाला चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागतं.

घेराचं गणित असं बसलं. अंगरख्यावरून मधल्या पात्राचा घेर १०४ सेंमी. चार फळ्यांची रुंदी २४ + २४ + १८ + १८ म्हणजे ८४. उरलेले २० सेंमी चार फटींत वाटले, प्रत्येकी ५. सगळ्यांत सडपातळ पात्राला (कपड्यांसह ९६) फट ३ सेंमी आली, सगळ्यांत दांडग्याला (१०९) सव्वासहा. एकच साचा सहाही जणांना चालला, फरक पट्ट्याच्या भोकांत गेला.

कापणी, वळण, चिकटवणी

कार्डाचा साचा फोमवर ठेवून बॉलपेनने आखला. प्रत्येक साच्यावर 'बाहेरची बाजू', 'उजवा' किंवा 'डावा' आणि वरच्या टोकाचा बाण असावा. हातावरच्या दस्तान्यांना हे लिहायचं राहिलं आणि साचा उलटा न केल्यामुळे एका जोडीचे दोन्ही उजवे कापले गेले.

कटर १८ मिमी पात्याचा आणि पातं नवं हवं. फोम दिसायला मऊ असला तरी पात्याची धार लवकर मारतो. बोथट पातं फोमला कापत नाही, ओढतं, आणि कड कुरतडल्यासारखी होते. दोन फेऱ्यांत कापायचं: पहिल्या फेरीत अर्धी जाडी, दुसऱ्या फेरीत उरलेली. पातं सरळ उभं. बाहेरच्या कडा मात्र शेवटी ४५ अंशांत तासल्या. त्यासाठी कारागिराची रापी, म्हणजे चामडं कापायचं पातं, कटरपेक्षा उजवी ठरली.

वळण चिकटवण्याच्या आधी द्यायचं. गरम झालेला सांधा सुटतो, म्हणून क्रम उलटा चालत नाही. गरम हवा फेकणारी हीट गन दहा-पंधरा सेंमी अंतरावरून सतत फिरती ठेवली. पृष्ठभागाला हलकी चकाकी आली की थांबायचं. बारीक छिद्रं मिटल्याची ती खूण, पुढे रंगही कमी शोषला जातो. गरम फळी २० लिटरच्या पाण्याच्या जारवर दाबून मिनिटभर धरली की थंड होताना तोच आकार घेते. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही, तेवढी उष्णता त्याच्यात नसते. एका सभासदाने पॅकिंगचा पांढरा फोम आणला होता. त्याला हीट गन लावताच भोकं पडली आणि सोल्युशनही धरेना. मोठे चमकदार बुडबुडे दिसतात तो फोम या कामाचा नाही.

सोल्युशन या वेळी नीट वापरलं. दोन्ही कडांना पातळ थर, पंधरा मिनिटांनी दुसरा थर, कारण पहिला फोम पिऊन टाकतो. मग आठ ते बारा मिनिटं थांबायचं. बोट लावून उचललं की तार निघता कामा नये. जोडताना आधी दोन टोकं, मग मध्य, मग उरलेलं. एकदा टेकलं की सरकत नाही. हे काम गच्चीवर केलं, कारण वाफ डोक्यात जाते आणि चटकन पेटते. हीट गन आणि सोल्युशन एका वेळी एका जागी नको.

शिरस्त्राणं

शिरस्त्राण घुमटाकार, म्हणजे दोन दिशांना वाकणारं. इथे पाकळ्यांचा साचा लागतो. डोक्याचा घेर ५८, आत अस्तर धरून ६२. फोम ६ मिमी. वाकताना फोमचा मधला थर आपली लांबी राखतो, म्हणून जाडीच्या तीन पटींहून थोडे जास्त, इथे १.९ सेंमी वाढवले. ६४ सेंमी झाले. आठ पाकळ्या, प्रत्येकी बुडाशी ८ सेंमी. अर्धगोलाला पाकळीची उंची घेराच्या चौथाई, १६ सेंमी. तिच्या पाव उंचीवर रुंदी ७.४, अर्ध्यावर ५.७, पाऊण उंचीवर ३.१ आणि शेंड्याला शून्य. ही पाच मापं टिंबांनी मांडून वळणदार रेघेने जोडली की पाकळी तयार. दख्खनी शिरस्त्राणाला थोडं टोक हवं म्हणून तीच रुंदी ठेवून उंची १८ सेंमी केली. पाकळीच्या कडा सरळ रेघेने जोडल्या तर घुमटाऐवजी तंबू होतो. पहिला नमुना तसाच झाला होता.

पाकळ्या दोन-दोन जोडल्या, मग चार-चार, शेवटी दोन अर्धे एकत्र. डोकं गोल नसतं, पुढून मागे लांबट असतं. गोल शिरस्त्राण कपाळाला घासतं आणि कानांवर ढिलं राहतं. म्हणून तयार घुमट आतून हलका तापवून दोन्ही बाजूंनी दाबून धरला. उष्णता इथे बेताची, नाहीतर सांधे उकलतात. मानेवरची जाळी दोन हुकांवर अडकवली, पाणी प्यायला ती सोडता यावी म्हणून.

चिलखत आणि रंग

फळ्यांखालचं कड्यांचं चिलखत जाड लोकरीत विणून रुपेरी करायची जुनी नाटकी युक्ती आहे. वैशाखात अख्खी लोकरी बंडी घालणं म्हणजे पात्राला उकडून काढणं. त्यामुळे दिसतात तेवढ्याच बाह्या आणि खालची झालर जाड सुती दोऱ्यात मोठ्या टाक्यांनी विणली आणि मलमलच्या बंडीला शिवली. फळ्यांखाली फक्त मलमल.

फोमला रंगाआधी थर द्यावा लागतो. चारआईन्याला भिंतीच्या बाहेरून लावायचा ॲक्रिलिक प्रायमर तीन वेळा पातळ दिला. दस्तान्यांपर्यंत प्रायमर संपला आणि रात्री दुकान बंद होतं, म्हणून पांढरा फेव्हिकॉल निम्मं पाणी घालून लावला. वर सगळीकडे काळा रंग आणि तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने रुपेरी. नुसता रुपेरी रंग दिव्याखाली चॉकलेटच्या कागदासारखा दिसतो. खळग्यात काळं राहिलं आणि उंचवट्यावर रुपेरी आलं की लोखंड दिसतं.

पट्टे अडीच सेंमी रुंद चामड्याचे. रंगीत तालमीत एका पट्ट्याचा रिव्हेट फोम फाडून बाहेर आला. फोमला नुसता रिव्हेट कधीच धरत नाही. मग प्रत्येक रिव्हेटखाली आतून ५ × ५ सेंमी कॅनव्हासचा तुकडा चिकटवला आणि दोन्हीकडे वायसर घातले. खांद्यावरच्या पट्ट्यांत शेवटचे ५ सेंमी इलॅस्टिक घातलं, हात वर गेला की फळी गळ्यावर चढू नये म्हणून.

मशालींचा निर्णय

देखाव्यात चार खऱ्या मशाली होत्या आणि त्यांच्यावर वाद झाला. खऱ्या ज्वाळेची शोभा वेगळी हे खरंच. पण ईव्हीए पेटतो, वितळून थेंबथेंब गळतो आणि ते थेंब कातडीला चिकटतात. ट्रॉलीवर पात्रं आणि मशाल यांत जेमतेम एक मीटर अंतर राहत होतं. कापलेल्या फोमचा एक तुकडा अंगणात पेटवून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ट्रॉलीवर विजेच्या मशाली लागल्या, खऱ्या मशाली पुढे चालणाऱ्या सुती कपड्यांतल्या पोरांच्या हाती दिल्या.

परिणाम

सहाही बख्तरं मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी तयार झाली. चार फळ्या आणि पट्टे मिळून एका चारआईन्याचं वजन अर्ध्या किलोच्या आत राहिलं. चाळीस मिनिटांनी पात्रं आळीपाळीने खाली उतरून फळ्या सोडत, पाणी पीत. बाजूच्या फटींतून वारा खेळत होता, एकसंध कवचात तो मिळाला नसता.

रात्री अकराच्या सुमारास वळीव आला. प्रायमर दिलेल्या फळ्यांना काही झालं नाही. फेव्हिकॉल दिलेले दस्ताने मात्र चिकट झाले, रंग अंगरख्याच्या बाह्यांना लागला आणि मनगटाजवळचे पापुद्रे सुटले. फेव्हिकॉल वाळला तरी पाण्याने पुन्हा मऊ होतो. वैशाखात बेळगावात पाऊस येणार हे धरूनच चालायला हवं होतं. दस्ताने उतरवून ठेवले आणि उरलेली रात्र बाह्यांवर निभावली. एकही सांधा सुटला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या चार दिवसांत छापलेला चौकोन मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण चौकोन बरोबर निघाला असता तरी कवच तीनेक सेंमी कमी पडलंच असतं, म्हणून नुसती छपाई सुधारणं पुरेसं नव्हतं. सहा कवचं एकदम कापण्याऐवजी एक पूर्ण करून, अंगावर घालून, उन्हात तासभर ठेवून मग उरलेली पाच कापली असती तर तिन्ही दोष एकाच कवचात सापडले असते.

प्रसंगाला कोणतं बख्तर शोभतं हा प्रश्न साचा उतरवण्याच्या आधी विचारायचा होता. त्याचं उत्तर मिळालं असतं तर सोपा आकारही आपसूक मिळाला असता. प्रायमर मोजून आणायचा होता: फळ्या, शिरस्त्राणं आणि दस्ताने मिळून प्रत्येक पोशाखाचं क्षेत्रफळ काढलं असतं तर एक डबा कमी पडतोय हे दुपारीच कळलं असतं.

एक गोष्ट वेळेअभावी राहिली. बाजूच्या फळ्यांना पुढे-मागे बिजागरीसारखा कापडी जोड दिला असता तर पोशाख एकट्याला चढवता आला असता. आता प्रत्येकाला पट्टे आवळायला दुसरा माणूस लागतो.

कार्डाचे साचे मंडळाने मापं लिहून, सपाट, फाइलीत ठेवले आहेत. बख्तरं आधी पत्र्याच्या खोलीत ठेवायची होती, पण तिथल्या दुपारच्या उष्णतेने फोम पुन्हा सपाट होतो. म्हणून ती देवळामागच्या स्लॅबच्या खोलीत, फळ्यांच्या खळग्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून, उभी ठेवली आहेत.